सदतीस नंबरचं वांगं

चंद्रभान मामांच्या डोक्यातलं तेल निघायला तयार नव्हतं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. अमरावतीच्या विद्यापीठातल्या मेंदूविज्ञान विभागाच्या मागच्या नळाखाली मामा उकिडवे बसले होते आणि त्यांची भाची प्रणाली शाम्पूची चौथी पुडी दातानं फोडत होती.

"मामा, फोनवर काय सांगतलं होतं मी? डोक्याले तेल लावू नका म्हणून."

"मी कुठी लावलं?" मामा फेसातून बोलले. "तुह्या मामीनं लावलं. म्हणे, तुमच्या डोक्याचे फोटो निघून राहिले अन् तुमी असे कोरड्या केसाचे जाता? लोकं काय म्हणतीन, घरात तेल नाही काय?"

"किती लावलं?"

"काल सांजीले वाटीभर. आज पहाटे उरलेलं. अन् एक शिशी पिशवीत देल्ली हाय, परत येतानी लावाले."

वच्छला मामीची यात काही चूक नव्हती. मामांच्या हिवरखेडात फोटोला बसायचं म्हणजे केस चापून बसवायचे, हे काही शिकवावं लागत नाही. फोटो डोक्याच्या आतला असला म्हणून काय झालं, बाहेरून तर माणूस घरंदाज दिसला पाहिजे. पण मेंदूतली वीज मोजणाऱ्या टोपीला घरंदाजपणा कळत नाही. तेलाचा थर आला की ती मुकी होते. पुण्याहून आलेल्या चौऱ्याऐंशी पानांच्या नियमावलीत अकराव्या नियमात हे जाड अक्षरात लिहिलेलं होतं.

प्रकरण असं होतं. एकाच माणसाचं डोकं तीन वेगवेगळ्या यंत्रांनी पाहायचं आणि तिघांचं म्हणणं एकत्र जुळवायचं, याचं प्रशिक्षण पहिल्यांदाच मोठ्या शहराबाहेर आलं होतं. ईईजीची टोपी मेंदूतली वीज मोजते आणि सांगते की गोष्ट नेमकी कधी घडली. दुसरी तारांची जाळी कवटीतून प्रकाश सोडून रक्त कुठं धावलं ते पाहते. एमआरआय पार खोल शिरून जागा दाखवतं. पहिली दोन यंत्रं अमरावतीत होती आणि तिसरं अकोल्याच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात. म्हणजे डोकं एसटीनं न्यायचं. पुण्यात हे सगळं एका जिन्याच्या अंतरावर होतं. वऱ्हाडातल्या पोरांना विज्ञान शिकायचं तर आधी मूर्तिजापूर ओलांडावं लागतं, आणि त्याचे गुण कुणी देत नाही.

सहा विद्यार्थी होते. प्रत्येकानं आपला एक स्वयंसेवक आणायचा, तीन यंत्रांची पूर्ण नोंद करायची आणि शनिवारी अकरा वाजता ती मांडायची. नोंद मंजूर झाली तर दोन वर्षांची पुढची जागा. नाही झाली तर नाव कापणार. पाच जणांचं झालं होतं. प्रणालीचा स्वयंसेवक होता वर्गातला शुभम. त्यानं गुरुवारी संध्याकाळी एमआरआयचा फॉर्म भरताना सहज विचारलं, "पायात रॉड असला तर लिहायचं काय?" मोटारसायकलवरून पडला होता. महिनाभर कुणाला बोलला नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मग प्रणालीनं आईच्या भावाला फोन लावला. नियमावलीत लिहिलं होतं, "स्वयंसेवक शक्यतो महाविद्यालयीन असावा." प्रणालीनं त्यातल्या 'शक्यतो'वर बोट ठेवलं आणि ते उचललं नाही. मामा शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाले. बरोबर दहा किलो वांगी आणली, मॅडमना रिकाम्या हातानं भेटायचं बरं दिसत नाही म्हणून.

विभागप्रमुख गीतांजली मॅडमनी ती वांगी मेसमध्ये पाठवली आणि मामांना नमस्कार केला. पुण्याहून आलेल्या गोवर्धन सरांनी मात्र मामांच्या ओल्या डोक्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"दहा वाजता सुरू व्हायचं होतं."

"तेल होतं, सर," प्रणाली म्हणाली.

"अकरावा नियम."

"वाचलाय. मामीनं नाही वाचला."

सर हसले नाहीत. ही सगळी पद्धत त्यांनी उभी केली होती. नियमावली त्यांची, चाचणी त्यांची, चाचणीतली चित्रंसुद्धा त्यांची. भाज्यांची साठ चित्रं पडद्यावर येणार, प्रत्येक सहा वेळा, उलटसुलट क्रमानं. टोमॅटो दिसला की बटण दाबायचं. बाकी काही दिसलं तर काही करायचं नाही. टोमॅटोला मेंदूनं उसळी घ्यावी, बाकीच्यांना शांत राहावं. चौदा प्रयोगशाळांमध्ये शेकडो डोकी तशीच वागली होती.

मामा धोतर सावरत खुर्चीत बसले. डोक्यावर टोपी आणि तिच्यावर प्रकाशाची जाळी चढली, केसांत जेल गेलं, तारा मागे लोंबल्या.

"मामा, हलाचं नाही," प्रणाली कानाशी म्हणाली.

"रानडुकरं राखतानी मी चार-चार घंटे बसतो. हलाचं मले नोको सांगू."

आणि मामा खरंच दगडासारखे बसले. पडद्यावर भाज्या येत गेल्या. टोमॅटो आला की मामांचं बोट हलायचं, बाकी मामा जागेवर आहेत की नाहीत अशी शंका यावी. पलीकडच्या खोलीत संगणकावर रेषा धावत होत्या. कालच्या पाच जणांपेक्षा ही रेष स्वच्छ होती. गीतांजली मॅडमनी प्रणालीच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात रेषेनं उसळी घेतली. टोमॅटो नव्हता. सदतीस नंबरचं चित्र होतं, वांग्याचं. चार-पाच सेकंदांनी प्रकाशाच्या जाळीनंही तिथंच रक्त वाढल्याचं दाखवलं.

"हलले," सर म्हणाले.

"नाही हलले."

थोड्या वेळानं सदतीस नंबर पुन्हा आला. पुन्हा उसळी, आणि टोमॅटोपेक्षा उंच. चाचणी संपेपर्यंत तो सहा वेळा आला आणि सहाही वेळा मामांच्या मेंदूत काहीतरी ताडकन उठून उभं राहिलं.

"पापणी लवली असेल," सर म्हणाले. "किंवा जाळी सरकली असेल. असे स्वयंसेवक आणल्यावर असंच होणार."

"असे म्हणजे कसे, सर?"

मॅडमनी खाकरून पाहिलं.

"ज्यांना सवय नाही असे," सर म्हणाले.

"कालचे पाच जण हॉस्टेलवरून उठून आले होते. त्यातल्या एकानं तर चाचणीत डुलकी काढली. त्याची नोंद चालली. माझे मामा श्वास धरून बसले तर त्यांना सवय नाही. सवय कशाची लागते सर, पॅन्ट घालायची?"

सरांनी नोंदवहीत लिहिलं: "नोंद सदोष. एमआरआयमध्येही हा प्रतिसाद सिद्ध न झाल्यास बाद." खाली सही केली, तारीख टाकली आणि वही मिटली. प्रणालीचं दोन वर्षांचं आयुष्य त्या वहीत मिटलं गेलं, पण तिनं चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. अशा लोकांसमोर रडलं की ते पाणी पाजतात आणि तेवढ्यात मोठे होतात.

टोपी उतरवल्याबरोबर मामा म्हणाले, "प्रणाली, थे एक सांगाचं होतं, त्या फोटोत..."

"मामा, फोटोबद्दल काहीच बोलाचं नाही. एकोणतिसावा नियम हाय. माह्यावालं नोंदीचं गणित सादर होईपर्यंत तुमी चित्रांबद्दल मले सांगाचं नाही अन् मी तुमाले विचाराचं नाही."

"पण लय महत्त्वाचं..."

"मामा, नाव कापतीन माह्यं."

मग गीतांजली मॅडमनी मामांच्या दोन भुवयांच्या मधोमध आणि दोन्ही कानांच्या पुढे पेनानं बारीक ठिपके काढले. प्रत्येक ठिपक्यावर एकेक ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटपट्टीनं लावली. ती एमआरआयमध्ये पांढरी चमकते. ते तीन पांढरे डाग धरून इथलं डोकं आणि तिथलं डोकं एकमेकांवर बसवता येतं. हे सगळं मॅडमनी प्रणालीला सांगितलं. प्रणालीनं मान हलवली. ज्याच्या कपाळावर ती चिकटवली त्याला मात्र कुणीच काही सांगितलं नाही.

दीडची गाडी दोनला निघाली. अकोल्याला पाच वाजताची वेळ मिळाली होती, आणि तीही तासाभराचीच, कारण सहाला खरे पेशंट येणार होते. मामांनी डोक्याला रुमाल बांधला, तरी कपाळावरची पिवळी कॅप्सूल खालून डोकावत होतीच. अर्धी गाडी वळून पाहत होती. प्रणाली दोन दिवस झोपली नव्हती. बडनेरा सुटलं आणि तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा मूर्तिजापूर मागे पडलं होतं. मामा शेजारी ताजेतवाने बसले होते. कपाळ मोकळं होतं.

"मामा, कपाळावरची गोळी कुठी गेली?"

"घेतली."

"घेतली म्हणजे?"

"खाल्ली ना. तिन्ही." मामांनी पोटावर हात ठेवला. "भाकर खाल्ली अन् वरून घेतल्या. या बाईनं पाणी देल्लं."

पलीकडच्या बाकावरच्या बाईनं मान डोलावली. "मीच म्हटलं त्याईले, रिकाम्या पोटी नोका घेऊ. गरम पडतेत."

"पण खाल्ल्या कायले?"

"आता माय, डॉक्टरनं देल्लेली गोळी खाचीच असते. कपाळाले चिकटवली तं मले वाटलं, म्हातारा माणूस, इसरून जाईन, म्हणून समोर लावून देल्ली. तुह्या मॅडमची मले मोठी हुशारी वाटली."

मामा चुकीचं काय बोलले होते? सकाळपासून त्या माणसाला धुतलं, बसवलं, तारा लावल्या, जेल फासलं, ठिपके काढले. कशासाठी, ते सांगायला ना सर थांबले, ना मॅडम, ना प्रणाली स्वतः. सरांवर चिडायचा तिला जेवढा हक्क होता, त्यातला थोडा तिनं स्वतःवर खर्च केला.

"ठिपके हाय का पाहा," मामा म्हणाले. "ठिपके काही म्या खाल्ले नाही."

ठिपके होते.

अकोल्यात उतरून ऑटो केला. दवाखान्यात पोहोचले तेव्हा पाचाला नऊ मिनिटं कमी होती. कॅप्सूल दवाखान्याच्या मेडिकलमध्ये मिळणार होत्या, पण तिथं चौदा माणसं रांगेत उभी होती, आणि पहिल्याच माणसाचं खिडकीतल्या माणसाशी भांडण चाललेलं होतं. बाहेरचं मेडिकल शोधायला वेळ नव्हता. वरच्या मजल्यावर एमआरआय चालवणारा गोपाल दारात उभा राहून घड्याळ दाखवत होता.

"मॅडम, पाचले नाही सुरू झालं तं मी नाही करत. सहाले पेशंट हाय माह्ये."

प्रणाली भिंतीला टेकली. कॅप्सूल का चमकते? आत काय असतं तिच्यात? तिनं मामांकडे पाहिलं.

"मामा, पिशवी द्या."

मामीनं दिलेली तेलाची शिशी तळाशी होती, कापडात गुंडाळलेली. प्रणालीनं गोपालकडून रबरी हातमोजा मागून घेतला, तीन बोटांची टोकं कात्रीनं कापली, प्रत्येकात थोडं तेल ओतलं आणि दोऱ्यानं गाठ मारली. चिंचोक्याएवढ्या तीन पुरचुंड्या झाल्या. ठिपक्यांवर एकेक बसवली आणि चिकटपट्टी लावली.

"हे काय?" गोपाल म्हणाला.

"तेल. कॅप्सूलमध्येसुद्धा तेलच असते."

"चमकन?"

"चमकाले पायजे."

गोपालनं खांदे उडवले आणि मामांकडे वळला. "काका, लोखंड, चांदी, काही असन तं काढा अंगावरून."

मामांनी बंडीच्या आतल्या खिशातून मोटर-पंपाच्या पेटीची किल्ली काढली. मग तंबाखूची डबी. मग दोन सेफ्टी पिना. मग करदोड्यातला चांदीचा मणी, तो काढायला पाच मिनिटांतली दोन गेली.

"अजून काही?"

"दात हाय. पण थे माह्ये स्वतःचे हाय."

यंत्र सुरू झालं. पडद्यावर पहिल्यांदा मामांचं डोकं उमटलं, आणि कपाळावर एक, कानांपुढे दोन असे तीन पांढरेशुभ्र डाग लखलखले. विकतच्या कॅप्सूलपेक्षा मोठे. गोपालनं खुर्ची पुढे ओढली. "च्या मायले," तो म्हणाला, "कायचं तेल हाय हे?"

"तिळाचं. मामीनं घाण्यावरून आणलं."

आतल्या आरशात तीच साठ चित्रं पुन्हा पाहून चाळीस मिनिटांनी मामा बाहेर आले. "थ्रेशर बरं याच्यापक्षा. आवाज तं करते, पण कामून करून राहिलं थे दिसते." मग आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "प्रणाली, थे इथी बी आलतं. आता तरी..."

"उद्या, मामा. अकरानंतर. मी फोन करतो ना तुमाले."

मामांनी किल्ली, डबी, पिना गोळा केल्या. मणी करदोड्यात ओवायला वेळ नव्हता, तो खिशात टाकला. गावाकडे जायला अकोटच्या गाडीत चढताना मागे वळून म्हणाले, "तुमच्या इथी माणसाचं डोस्कं तीन-तीन मशिनीनं पाहातेत. तोंडातून निघते थे ऐकाले एकही मशीन नाही काय?"

गाडी निघून गेली. प्रणाली अमरावतीच्या गाडीत बसली.

शनिवारी अकरा वाजता छोट्या सभागृहात पाच जणांच्या नोंदी मंजूर झाल्या. सहावी प्रणालीची. तिनं भिंतीवर तीन आलेख लावले, वर ईईजी, मधे प्रकाशाची जाळी, खाली एमआरआय. तिन्हींमध्ये टोमॅटोला एक उंचवटा होता. आणि तिन्हींमध्ये सदतीस नंबरला त्याहून मोठा.

गोवर्धन सर उठून आलेखांपाशी आले.

"म्हणजे दोष तिन्ही ठिकाणी आहे," ते म्हणाले.

"सर, नियमावलीच्या पहिल्या पानावर एक वाक्य आहे. एक यंत्र फसू शकतं, तीन यंत्रं एकाच वेळी एकाच जागी फसत नाहीत. ते वाक्य तुमचं आहे."

"वाक्य बरोबर आहे. पण साध्या वांग्याला एवढा प्रतिसाद यायचं कारण काय? तुमचे मामा वांगी पिकवतात म्हणून? ओळखीची वस्तू?"

"वांग्याची चार चित्रं आहेत, सर. तीन चित्रांना मामांचा मेंदू गप्प आहे. एकालाच बोलतो. अमरावतीत सहा वेळा, अकोल्यात सहा वेळा."

"कारणाशिवाय मला हे मंजूर करता येणार नाही. कारण द्या."

प्रणालीनं खिशातून फोन काढला.

"काय करताय?" सर म्हणाले. "एकोणतिसावा नियम."

"तो गणित सादर होईपर्यंत आहे. गणित आत्ता तुमच्यासमोर सादर झालं. संपला नियम." आणि तिनं नंबर लावून फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून. मॅडमनी अडवलं नाही. उलट खुर्ची जवळ ओढली.

"हॅलो, कोन?" मामांचा आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. वावरात उभं राहून फोनवर बोलायचं म्हणजे तसंच बोलावं लागतं.

"मामा, मी. आता बोला."

"बोलू?"

"बोला."

"मंग नाव कापलं म्हणशीन."

"कापू द्या. बोला तुमी."

"अवं, थे वांग्यायचे फोटो होते ना, त्यातलं एक काटेरी देठाचं, जांभळं, लांबट. त्याच्यात अळी हाय."

"कुठी, मामा?"

"फोटो समोर हाय काय? देठाच्या खाली पाह्य, डाव्या अंगाले. टोपीची किनार संपते ना, तिथीच. मोहरीएवढं भोक दिसन."

प्रणालीनं सदतीस नंबरचं चित्र भिंतीवर घेतलं आणि मोठं केलं. अजून मोठं केलं. वांगं भिंतभर झालं. सगळे पुढे वाकले. देठाच्या हिरव्या किनारीच्या खाली, डाव्या बाजूला, एक बारीक काळा ठिपका होता. गीतांजली मॅडम उठून भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

"भोकाच्या तोंडाले भुसा दिसते?" फोन म्हणाला.

मॅडमनी चष्मा वर केला. "दिसतो."

"मंग अळी आतच हाय. बाहीर निघाली असती तं भोक मोकळं दिसलं असतं. मी कालपासून सांगून राहिलो, पण ही पोरगी बोलूच देत नाही. दर खेपेस थे वांगं आलं का माह्या जिवाले घोर. म्हणलं, हे कोणाच्या घरी जाईन, कोण चिरन, अन्..."

"हे चित्र अकरा वर्षं वापरात आहे," गोवर्धन सर मधेच म्हणाले. ते कुणाशी बोलत होते ते कळलं नाही. "चौदा प्रयोगशाळा. पीएच. डी. झालेली माणसं बसलीत त्याच्यासमोर. कुणाच्याही मेंदूत काही..."

"हे कोन बोलून राहिले?"

"पुण्याचे सर हाय, मामा."

"नमस्कार सायब. त्या पीएचडीवाल्यायनं कधी वांगे लावले होते काय?"

मागच्या रांगेत शुभम बसला होता. तो आधी फिसकन हसला आणि मग पायातला रॉड दुखल्यासारखं तोंड केलं. प्रणाली हसली नाही. तिला बोलायचं होतं ते तिनं इथंच बोलून घेतलं.

"सर, तुमची यंत्रं बरोबर होती. तुमची पद्धत बरोबर होती. तिन्ही यंत्रांनी सांगितलं की या माणसाला काहीतरी दिसलंय. तुम्ही म्हणालात, माणूसच सदोष आहे. यंत्रावर तुमचा विश्वास आहे, फक्त हिवरखेडच्या डोक्याला लावलं की राहत नाही. आमची डोकी तेलकट असतील. पण आत काही नाही, हे कोणत्या मशिनीत दिसलं तुमाले?"

शेवटचा शब्द वऱ्हाडी निघाला. तिनं तो दुरुस्त केला नाही.

सर भिंतीवरच्या वांग्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. जरा निराळाच झाला होता.

"सायब," फोनमधून मामा म्हणाले, "हा फोटो काढला कोनं?"

"मीच," सर म्हणाले. "साठही चित्रं माझीच आहेत. घरी काढली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर."

"असं. मंग फोटो काढल्यावर थ्या वांग्याचं काय केलं?"

सरांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. पुन्हा घातला. भिंतीवरचं भोक तेवढंच राहिलं.

"भरीत," सर म्हणाले.

फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता, आणि लांब कुठंतरी मोटर-पंप.

"चांगलं झालतं?" मामांनी शेवटी जपून विचारलं.

"हो," सर म्हणाले. "चांगलं झालं होतं. घरी सगळ्यांनी वाखाणलं."

"व्हईन ना," मामा म्हणाले. "जाऊ द्या सायब. अकरा वर्सं झाले, आता काही व्हत नाही. पोरीच्या कागदावर तेवढी सही करून टाका. मले वावरातलं पाणी पलटवाचं हाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

सरांनी वही उघडली. 'सदोष' या शब्दावर आडवी रेघ ओढली, वर 'ग्राह्य' लिहिलं, सही केली. सही करताना पेन एकदा थांबलं, पण थांबून पुढे गेलं. प्रणालीनं नियमावली पुढे ओढली, शेवटच्या पानावर खाली मोकळी जागा होती तिथं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "यंत्रं बंद झाल्यावर स्वयंसेवकाला विचारावं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? आणि तो बोलेल ते पूर्ण ऐकावं." परवानगी कुणाची मागितली नाही. मॅडमनी पाहिलं आणि पानावर विभागाचा शिक्का मारला.

दुपारी सगळे मेसमध्ये जेवायला बसले. भाकरी होती, डाळ होती आणि मामांनी आणलेल्या वांग्यांची झणझणीत भाजी होती. गोवर्धन सर प्रणालीच्या समोरच बसले. त्यांनी भाजीतली एक फोड चमच्यात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, एका अंगानं पाहिली, दुसऱ्या अंगानं पाहिली आणि हळूच ताटात परत ठेवली.

"तुमचे मामा," ते आवाज खाली आणून म्हणाले, "आत्ता फोनवर मिळतील का?"

"मिळतील," प्रणाली म्हणाली. "पण आज ते बोलायला लागले की मधे थांबवता येणार नाही, सर."

आणि तिनं दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.